शंभर सह्यांचा उंबरठा: राष्ट्रपतिपदाची उमेदवारी आणि अधिकाराचा प्रश्न

राष्ट्रपती होण्यासाठी भारताच्या राज्यघटनेने फार थोड्या अटी घातल्या आहेत. कलम ५८ नुसार व्यक्ती भारताची नागरिक असावी, तिने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत, लोकसभेवर निवडून येण्यास ती पात्र असावी आणि तिच्याकडे सरकारी लाभाचे पद नसावे. शिक्षण, मालमत्ता, जात, धर्म, पक्ष यांचा तिथे उल्लेख नाही. हैदराबादच्या नल्लकुंटा भागात शिवणकाम करून घर चालवणारी बाई किंवा किराणा दुकान चालवणारा गृहस्थ या कसोटीला सहज उतरतो. मात्र घटनेने दिलेली ही पात्रता प्रत्यक्ष वापरायची तर १९५२ च्या राष्ट्रपती व उपराष्ट्रपती निवडणूक कायद्याचे कलम ५ब ओलांडावे लागते. त्यानुसार अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक यांच्या सह्या लागतात आणि हे शंभरही जण राष्ट्रपतीच्या निवडणुकीतले मतदार, म्हणजे निवडून आलेले खासदार किंवा आमदार असावे लागतात. शिवाय १५,००० रुपये अनामत भरावी लागते. तेलंगणाच्या विधानसभेत ११९ आमदार आहेत. राज्याबाहेर ओळखपाळख नसलेल्या नल्लकुंट्याच्या माणसाला त्यांपैकी बहुतेक सर्वांच्या दारात जावे लागेल. नल्लकुंटा ज्या अंबरपेट मतदारसंघात येतो त्याचा आमदार एकच, आणि कायद्याने त्यालाही एकाच अर्जावर सही करता येते.

घटनेने सर्वांना दिलेली पात्रता साध्या कायद्याने इतकी आक्रसावी का, हा या अटीतून उठणारा पहिला प्रश्न. त्याच्या तळाशी दुसरा, अधिक जुना प्रश्न आहे. ‘मला निवडा’ असे म्हणत लोकांपुढे उभे राहण्याचा अधिकार माणसाला नागरिक म्हणून आपोआप मिळतो, की आधीच सत्तेत असलेल्यांनी तो द्यावा लागतो?

ही अट पहिल्यापासून नव्हती. मूळ कायद्यानुसार एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पाच उमेदवार होते. राजेंद्र प्रसाद यांना ५,०७,४०० मूल्याची मते मिळाली. राष्ट्रपती थेट प्रौढ मतदानाने निवडावा असा आग्रह घटनासमितीत धरणारे के. टी. शहा यांना ९२,८२७ मिळाली. लक्ष्मण गणेश थत्ते या मराठी नावाच्या उमेदवाराच्या वाट्याला २,६७२ आली. शहा यांचा पराभव ठरलेलाच होता, पण ज्या विचारासाठी ते घटनासमितीत झगडले तोच विचार घेऊन ते मतपत्रिकेवर आले आणि प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षांत विरोधाची नोंद कागदावर राहिली.

१९६७ मध्ये उमेदवारांची संख्या सतरावर गेली. निवडून आलेले झाकीर हुसेन हैदराबादेत जन्मलेले. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी के. सुब्बा राव हे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होण्याआधी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. उरलेल्या पंधरांपैकी नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. ज्या सूचकाने आणि अनुमोदकाने त्यांच्या अर्जावर सही केली होती, त्यांनीसुद्धा आपले मत दुसरीकडे टाकले. अट कडक करावी असे म्हणणाऱ्यांच्या हातातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो हलका मानून चालणार नाही. सही करणे आणि पाठिंबा देणे यांत काहीच नाते उरले नसेल, तर सहीला अर्थ राहत नाही. १९६९ मध्येही पंधरांपैकी पाच जणांची पाटी कोरी राहिली. त्या निवडणुकीविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गाजला, राष्ट्रपती असलेले व्ही. व्ही. गिरी स्वतः साक्षीला आले. त्यानंतर १९७४ मध्ये संसदेने दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत अशी दुरुस्ती केली. १९७७ मध्ये ३७ जणांनी अर्ज भरले; ३६ बाद झाले आणि आंध्र प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. तरीही १९८७ मध्ये तीन आणि १९९२ मध्ये चार उमेदवार रिंगणात राहिलेच. १९९७ मध्ये दहाचे पन्नास झाले आणि अनामत सहापट वाढली.

छोट्या उमेदवाराचे निवडणुकीत काम काय, हे १९६९ च्या मतमोजणीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले होते. काँग्रेसने संजीव रेड्डींना उमेदवारी दिली. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून इंदिरा गांधींची सही होती. गिरी अपक्ष उभे राहिले आणि पुढे इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याचे आवाहन केले. तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे देशमुख यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभे केले होते.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार एका नावापुढे खूण करून थांबत नाही. तो पसंतीचे क्रम लिहितो. पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. ती कुणाकडेच नव्हती. मग तळापासून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती ज्याची, त्याच्या खात्यात ते मत गेले. देशमुख आणि इतर लहान उमेदवारांच्या पेटीतून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, गिरींना केवळ १८,५६२. तरी शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा झाला. विजयाच्या रेषेपलीकडे गिरी अवघ्या १,९०८ मतांनी गेले. त्या १८,५६२ मतांखेरीज ते रेषेपर्यंत पोचलेच नसते.

या हिशेबातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. छोटा उमेदवार मते फोडतो, मोठ्यांचा खेळ बिघडवतो, हा आक्षेप लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत खरा ठरू शकतो. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तो लागूच होत नाही. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्याचे मत वाया गेले नाही. आपल्याला खरोखर कोण योग्य वाटतो हे त्याने आधी सांगितले आणि मग उरलेल्यांत कोण बरा तेही सांगितले. घटनाकारांनी निवडलेली ही पद्धत अनेक उमेदवार गृहीत धरते. दोनच नावे असतील तर पसंतीक्रमाला काही कामच उरत नाही. देशमुखांचा अखेरचा काळ हैदराबादेत गेला आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी इथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांच्या नावाचे, त्यांनीच उभारलेल्या आंध्र महिला सभेचे रुग्णालय नल्लकुंट्याला लागून असलेल्या विद्यानगरात आहे.

अधिकार कुणाचा, या सुरुवातीलाच मांडलेल्या जुन्या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने ऊहापोह भारतीय परंपरेत झाला तो यज्ञाच्या आणि ब्रह्मविद्येच्या संदर्भात. नल्लकुंट्यात शृंगेरी पीठाचा शंकर मठ आहे. त्या परंपरेत ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य आरंभीच विचारते की ब्रह्मजिज्ञासा कुणी करावी. उत्तरात चार साधने येतात: नित्य आणि अनित्य यांचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शम-दम आदी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ. चारही गोष्टी करावयाच्या कामाशी थेट जोडलेल्या आहेत. ज्याला तळमळ नाही त्याच्या हाती विद्या लागणारच नाही, म्हणून तळमळ हवी. अट आणि काम यांच्यामध्ये काही ओढूनताणून आणलेले नाही.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय तर अधिकारालाच वाहिलेला आहे. तिथे एक वाद असा येतो, की यज्ञाला द्रव्य लागते, मग ज्याच्यापाशी द्रव्य नाही त्याला यज्ञाचा अधिकार आहे का? पूर्वपक्ष म्हणतो, नाही. साधनच नसलेल्याला काम सांगून उपयोग काय. सिद्धान्त उलटा आहे. द्रव्य हा माणसाचा कायमचा गुण नव्हे. आज नाही ते उद्या येऊ शकते, ज्याला फळाची खरी इच्छा आहे तो ते मिळवील. म्हणून गरिबी हे अधिकार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. अनामत रकमेच्या प्रश्नाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांनी दिलेले हे उत्तर आजच्या कायद्यापेक्षा उदार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये लुबिन विरुद्ध पॅनिश या खटल्यात जवळपास हेच म्हटले: ज्याला शुल्क परवडत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवल्याशिवाय उमेदवारीवर शुल्क लावता येणार नाही.

पण त्याच सहाव्या अध्यायात शूद्राला यज्ञाधिकार नाकारलेला आहे. सर्वांना अधिकार असावा हे बादरीचे मत नोंदवून नंतर बाजूला सारले आहे. निर्धनाला आत घेणारा तर्क जन्माच्या रेषेपाशी येऊन थांबला. या रेषेची किंमत महाराष्ट्राने शतकानुशतके मोजली. चोखामेळ्यासारखा संत पंढरपुरात मंदिराच्या दाराबाहेरच राहिला आणि तेच दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले. वारकरी संतांनी अधिकाराची सगळी उतरंड बाजूला सारून तळमळ एवढी एकच कसोटी ठेवली. देवापुढे ती पुरते, कारण एका भक्ताने हाक मारली म्हणून दुसऱ्याच्या हाकेला जागा कमी पडत नाही.

निवडणुकीत तसे नाही. उमेदवार इतरांकडे काही मागतो: मतपत्रिकेवर जागा, मतदाराचे लक्ष, मोजणाऱ्यांचा वेळ. म्हणून तुझ्यामागे कुणी आहे का, असे त्याला विचारण्याचा समाजाला हक्क आहे. उमेदवाराने आपण एकटे नाही हे दाखवावे, ही मागणी न्याय्य आहे. आपण आधीच मोठे आहोत हे दाखवावे, ही मागणी न्याय्य नाही, कारण मोठे कोण हे ठरवण्यासाठीच तर निवडणूक असते. कलम ५ब दहावरून पन्नासावर गेले तेव्हा पहिली मागणी सोडून त्याने दुसरी धरली.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना नागरिकत्वाचा गाभा दोन हक्कांत पाहिला होता: प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्याच्या पदावर बसण्याचा हक्क. मत देणे आणि पद मागणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच नागरिकत्वाची दोन अंगे होती. स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी हा धागा धरला नाही. १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की निवडणूक लढवण्याचा हक्क मूलभूत नाही. तो कायद्याने दिलेला आहे आणि कायदा सांगेल त्या मर्यादेतच मिळतो. राष्ट्रपतिपदासाठी वारंवार अर्ज भरणारे वकील चरणलाल साहू यांनी सूचक-अनुमोदकांच्या अटीला १९७४ च्या निवडणुकीपासून अनेकदा आव्हान दिले. प्रत्येक वेळी अडचण तीच आली. राष्ट्रपतीच्या निवडणुकीविरुद्ध अर्ज करता येतो तो उमेदवाराला किंवा किमान वीस मतदार आमदार-खासदारांना. साहूंचा अर्ज सह्यांअभावी बाद, म्हणून ते उमेदवार नाहीत. उमेदवार नाहीत म्हणून अट चूक आहे हे सांगायला त्यांना जागा नाही. ज्या अटीने माणसाला बाहेर ठेवले तिच्याविरुद्ध तक्रार करण्याची वाटही तीच अट अडवून बसते. कायद्याच्या चौकटीत हे सुसंगत असेल, पण न्यायाच्या दृष्टीने ते समाधानकारक नाही.

उमेदवारांची गर्दी नेहमी हौशी लोकांचीच असते असेही नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावातून ४५६ आणि नलगोंड्यातून ४८० उमेदवार उभे राहिले. बेळगावात मराठी भाषकांना सीमाप्रश्न देशापुढे आणायचा होता. हैदराबादच्या शेजारच्या नलगोंडा जिल्ह्यात पाण्यातल्या फ्लोराइडने माणसांची हाडे वाकत होती आणि कुणी लक्ष देत नव्हते. दोन्हीकडे लोकांनी उमेदवारी अर्ज हेच निवेदन मानले. त्यांतले बहुतेक उमेदवार निवडून येण्याच्या आशेने उभे नव्हते, पण त्यांच्या गांभीर्याविषयी कुणाला शंका घेता येईल? त्याच वर्षी संसदेने लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये केली आणि अपक्षाला दहा सूचक बंधनकारक केले. २००९ मध्ये अनामत २५,००० झाली. तरी २०१९ मध्ये निजामाबादेत हळद आणि ज्वारीच्या भावासाठी शेतकरी पैसे गोळा करून उभे राहिले आणि उमेदवारांचा आकडा १८५ झाला. अनामतीने एकट्यादुकट्या गरिबाला अडवले. संघटित माणसांना ती अडवू शकली नाही.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र अशी वाट कुणालाच उरलेली नाही. २०२२ मध्ये या निवडणुकीचे ४,८०९ मतदार होते. प्रत्येकाची एकच सही चालते हे धरले तरी ४८ उमेदवारांना पुरतील इतक्या सह्या देशात होत्या. प्रत्यक्षात १९९७ पासून झालेल्या सहाही निवडणुकांत उमेदवार नेमके दोनच राहिले. १९९७ मध्ये टी. एन. शेषन के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभे राहू शकले ते शिवसेनेच्या पाठिंब्यामुळे. मते मिळाली ५०,६३१ आणि अनामत गेली. २००२ मध्ये डाव्या पक्षांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना अब्दुल कलामांविरुद्ध उभे केले. विधिमंडळात फारसे बळ नसलेल्या शेतकरी कामगार पक्षासारख्या किंवा रिपब्लिकन गटांसारख्या पक्षाला स्वतःच्या बळावर हे शक्य नाही आणि बिगरपक्षीय नागरिकाला तर मुळीच नाही.

सह्या उरतात पण उमेदवार उगवत नाहीत, याचे कारण आकड्यात नसून सहीच्या उघडेपणात आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतले मतदान घटनेनेच गुप्त ठेवले आहे. पक्षांना इथे व्हिप बजावता येत नाही. आमदाराने पक्षाविरुद्ध मत दिले तरी पक्षांतरबंदी कायदा त्याला हात लावत नाही. सदसद्विवेकाला दिलेले हे संरक्षण मात्र मतपेटीपाशीच सुरू होते. अर्जावरची सही उघड असते. पक्षाच्या उमेदवाराऐवजी दुसऱ्याच्या अर्जावर सही करणाऱ्याचे नाव त्याच संध्याकाळी पक्षाच्या कार्यालयात पोचते. वीस सह्या मागितल्या तर वीस धीट माणसे सापडू शकतात, अनेक पक्षांतून आणि राज्यांतून. शंभर सह्या पक्षाच्या आदेशाखेरीज जमत नाहीत. म्हणजे मतदाराला गुप्त मतदानाचे स्वातंत्र्य आहे, पण ते कुणाकुणामध्ये वापरायचे हे आधीच उघडपणे, पक्षांच्या पातळीवर ठरून गेलेले असते.

फ्रान्समध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी महापौर, खासदार, प्रांतिक सदस्य अशा निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या ५०० सह्या लागतात आणि त्या किमान ३० जिल्ह्यांतून याव्या लागतात. सही करणाऱ्यांची नावे जाहीर होत असल्याने छोट्या गावांचे महापौर घाबरतात, अशी तक्रार मारीन ल पेन यांनी २०१२ मध्ये घटना परिषदेकडे नेली. परिषदेने ती फेटाळली. प्रतिनिधी कुणाला पुढे आणतात हे लोकांना कळले पाहिजे, असे तिचे म्हणणे. या युक्तिवादात तथ्य आहे. पण फ्रान्समध्ये सही देऊ शकणारे चाळीस हजारांहून अधिक आहेत, त्यांतले बहुसंख्य लहान गावांचे कारभारी आणि पुष्कळसे कोणत्याच पक्षाचे नसलेले. २००२ मध्ये तिथे १६ उमेदवार उभे राहिले, २०२२ मध्ये १२. भारतात सरपंचाला किंवा नगरसेवकाला राष्ट्रपतीच्या अर्जावर सही करता येत नाही.

अमेरिकेत सही सामान्य मतदाराची लागते आणि प्रत्येक राज्याचा नियम निराळा. ओहायो राज्याने नव्या पक्षांकडून मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतदानाच्या १५ टक्के, म्हणजे ४,३३,१०० सह्या मागितल्या होत्या. १९६८ मध्ये विल्यम्स विरुद्ध ऱ्होड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. ज्याच्यासाठी न्यायालयाने दार उघडले तो जॉर्ज वॉलेस वंशभेदाचा उघड पुरस्कर्ता होता, ही गोष्ट विसरता कामा नये. दार उघडे ठेवले की नकोसे लोकही आत येतात. त्यांचा निकाल मतदार लावतात आणि त्या वर्षी तो त्यांनी लावला. तीन वर्षांनी जॉर्जियाचा पाच टक्के सह्यांचा नियम मात्र त्याच न्यायालयाने मान्य केला. काही पाठिंबा दाखवा असे राज्य म्हणू शकते, पण जुन्या दोन पक्षांखेरीज कुणी येऊच नये अशी व्यवस्था करू शकत नाही, असा या निकालांचा मथितार्थ.

भारतात दुरुस्तीची वाट यापेक्षा सोपी आहे. सूचक-अनुमोदकांची संख्या पुन्हा दहा-दहावर आणता येईल आणि त्या सह्या किमान तीन राज्यांतून याव्यात अशी जोड देता येईल. १९६७ सारखी पोकळ सही त्याने टळेल. आमदारांच्या सह्यांना पर्याय म्हणून ठरावीक संख्येच्या सामान्य मतदारांच्या सह्याही चालाव्यात. मग नल्लकुंट्याच्या नागरिकाला आपल्या गल्लीपासून सुरुवात करता येईल. अनामत भरणे ज्याला शक्य नाही त्याला अधिक सह्यांची मुभा द्यावी. यांपैकी कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. कलम ७१ नुसार संसद साध्या कायद्याने हे करू शकते, जसे तिने १९७४ आणि १९९७ मध्ये उलट दिशेने केले. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. त्या निवडणुकीची अधिसूचना निघण्याआधी हे विधेयक संसदेत यायला हवे.